जो समोर नाही त्याची बाजू

बातमी सुलोचनानेच फोनवर सांगितली. सुलोचना माझी भावजय. "अक्का, नाना उठत नाहीत," एवढंच म्हणाली. दुपारचं जेवून माझा धाकटा भाऊ नेहमीसारखा आडवा झाला होता, चहाच्या वेळेला तिने हाक मारली आणि... मी धुळ्याच्या टेलिफोन ऑफिसात नोकरी केली. लोकांच्या बऱ्यावाईट बातम्या आयुष्यभर माझ्या कानांवरून गेल्या. वाटायचं, कान निबर झाले असतील. तसं काही होत नसतं. पारोळा, एरंडोल करत एस.टी. जळगावला पोहोचेपर्यंत माझ्या डोक्यात आमचं शेवटचं बोलणं घोळत होतं, आणि ते बोलणं म्हणजे भांडण होतं. आमच्या नगरसेवकाला मी फोनवर शिव्या घालत होते, नळाला पाणी नाही म्हणून. नाना तिकडे जळगावात बसून त्या नगरसेवकाची बाजू घेत होता. "अक्का, त्या बिचाऱ्याच्या हातात काय आहे? त्याच्याही घरी बायको हंडे घेऊन उभी असेल." त्या माणसाला नानाने जन्मात पाहिलं नव्हतं. मी चिडून फोन ठेवला. त्यानेही हसतच ठेवला असणार, मला खात्री आहे.

ही त्याची खोड होती. बोलण्यात ज्याचं नाव निघालं आहे आणि जो तिथे हजर नाही, त्याच्या बाजूने नाना बोलणार म्हणजे बोलणारच. मग तो मंत्री असो, शेजारी असो, व्याही असो की क्रिकेटच्या सामन्यात हरलेला कप्तान असो. लहानपणापासून असाच. आम्ही तेव्हा अमळनेरला राहायचो, वडील तेलाच्या कारखान्यात होते. एकदा जेवताना ते त्यांच्या मुकादमाला यथेच्छ शिव्या देत होते. आम्ही भावंडं माना खाली घालून भाकरी मोडत होतो. मध्येच नाना आमच्या अहिराणीत म्हणाला, "बाबा, तो आठे नही ना. मंग त्यानी बाजू कोन लेई?" तो इथे नाही, मग त्याची बाजू कोण घेणार, असं. वडिलांनी त्याला जेवत्या ताटावरून उठवलं. मी आईचा डोळा चुकवून त्याला मागच्या दारी भाकरी नेऊन दिली, तर पठ्ठ्या मला म्हणतो, "बाबाले काही बोलू नको हां अक्का, त्या दमेल शेत." वडील दमलेत म्हणे! म्हणजे आता ते समोर नव्हते, तर त्यांची बाजू सुरू! मी कपाळावर हात मारून घेतला होता.

पुढे जळगावात त्याने जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान टाकलं. विहिरीवरच्या मोटारींमधली जळकी तार काढायची, नवी तांब्याची तार गुंडाळायची, वार्निश मारायचं, असं ते काम. ते एका बैठकीत होत नाही, त्यामुळे केळीवाले, कापूसवाले शेतकरी दुकानाबाहेरच्या बाकावर ताटकळत बसायचे, आणि बसले की राजकारण निघायचं. सरकारला शिव्या घालणारे बसलेले असले की नाना सरकारची वकिली करायचा. "एवढा मोठा देश शे भाऊ, तुमी एक गाव चालाडी दखाडा." सरकारचे भक्त बसले की त्यांना विरोधी पक्षाच्या अडचणी समजावून सांगायचा. शेजारी रशीदभाईंचं गादी-रजईचं दुकान होतं. रशीदभाई नमाजाला गेले आणि बाकावर कोणी त्यांच्या लोकांबद्दल वेडंवाकडं बोललं, की नाना हातातली तार खाली ठेवायचा. मोठ्याने बोलायचा नाही, पण त्या दिवशी त्या माणसाची मोटार सगळ्यांत शेवटी भरली जायची. आणि कोणाचं बोलणं मनाला लागलं म्हणून रशीदभाईंनी त्याच्याजवळ एकट्याने मन मोकळं केलं, की हाच त्यांना सांगायचा, "सगळे तसे नसतात रशीदभाई, त्याच्या मनात तसं नव्हतं." शेवटी एक म्हातारा शेतकरी वैतागून म्हणाला होता, "नाना, तू नेमका कोनाकडना शे रे?" नानाने मान वर न करता उत्तर दिलं, "जो आठे नही, त्यानाकडना."

हा भलेपणा होता असं कोणी समजू नये. कधीकधी तो निव्वळ ताप होता. दुकानातून एकदा तांब्याच्या तारेची भेंडोळी चोरीला गेली. बाकावरचे सगळे चोराच्या नावाने बोटं मोडत होते आणि ज्याचं नुकसान झालं तोच सांगत होता, "कोणास ठाऊक काय वेळ आली असेल त्याच्यावर." मग चोर सापडला, लोकांनी त्याला धरून दुकानापुढे उभा केला. लोकांना वाटलं, नाना आता त्याला चहा पाजून सोडून देणार. नानाने त्याच्या मुस्काटात एक ठेवून दिली आणि स्वतः पोलीस चौकीत नेऊन बसवला. "काल तो नव्हता, म्हणून मी बोललो. आज आहे ना समोर, त्याला तोंड आहे, बोलेल तो त्याचं." याला काय म्हणायचं? मी तर याला डोकेदुखी म्हणत आले.

पण या खोडीची खरी झळ एकाच माणसाला बसली. सुलोचनाला. कारण ती कायम समोर असायची. घरात, ओट्यापाशी, जेवायला बसताना तीच समोर. तिने कोणाबद्दल गाऱ्हाणं केलं की नाना त्या कोणाच्या बाजूने. आमची आई माझ्याकडे धुळ्याला राहायला आली, की इकडे जळगावात तो सुलोचनाला आईची बाजू ऐकवायचा. आणि धुळ्याला आम्हाला भेटायला आला, की आईला आणि मला सुलोचनाची. "ती पहाटेपासून उभी असते. तुम्ही दोघी एक दिवस तिच्या जागी उभ्या राहून दाखवा." मला राग यायचा, आई तर तोंड फिरवून बसायची. मी हे सुलोचनाला एकदोनदा सांगितलंसुद्धा. तिने विश्वास ठेवला नाही. "तुम्ही बहीण आहात अक्का. तुम्ही असंच सांगणार," म्हणाली.

त्यातली एक गोष्ट ती कधीच विसरली नाही. त्यांची मुलगी वैशाली चोपड्याला दिली आहे. तिच्या डोहाळजेवणाला सुलोचना खापरावरचे मांडे करून घेऊन गेली. पुरणाचे मांडे हातावर फिरवून मोठे करत खापरावर टाकायचे, हे काम आता आमच्यातल्या थोड्याच बायकांना जमतं. सुलोचनाला फार सुरेख जमायचं. तिथे भरल्या घरात विहीणबाई म्हणाल्या, "असले जाड मांडे आमच्याकडे चालत नाहीत. गाईपुढे ठेवून द्या." सुलोचना घरी आली ती पदर तोंडात कोंबूनच. नानाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अगं, घरात एवढं माणूस जमलेलं. त्या बाईचं डोकं ठिकाणावर नसेल." त्यानंतर सुलोचनाने खापर जे माळ्यावर टाकलं ते पुन्हा काढलं नाही. कितीतरी दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. मला म्हणायची, "अक्का, जगातल्या सगळ्यांचं बरोबर आहे. एक माझंच तेवढं चुकतं या घरात."

तो गेल्यावर आमच्याकडच्या रीतीप्रमाणे लोक दारावर यायला लागले. ओसरीत सतरंजी घातलेली, लोक यायचे, बसायचे, पाणीही न पिता उठायचे. दोन्ही पक्षांची माणसं आली. गंमत अशी की दोघांचीही समजूत होती की नाना समोरच्या पक्षाचा. एक गृहस्थ निघता निघता म्हणाले, "माणूस चांगला होता, पण खरं सांगायचं तर तो कोणाचाच नव्हता." आणि माझ्या लक्षात आलं की मी वाट बघते आहे. ज्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं तो तिथे नव्हता, म्हणजे आता नाना बोलायला हवा होता... सगळी ओसरी गप्प होती.

तेव्हापासून हे माझ्या मागे लागलं आहे. धुळ्याच्या घरी मी कोणाबद्दल तोंड उघडलं, भाजीवालीबद्दल, सुनेबद्दल, टीव्हीवरच्या कुठल्याशा पुढाऱ्याबद्दल, की वाक्य संपण्याआधी खोलीत कोणीतरी घसा खाकरल्यासारखं वाटतं. मी मागे वळून बघते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण मी वळून बघते हे खरं आहे. सुखाने चार चुगल्या करायची सोय राहिली नाही.

मी अजून जळगावातच होते तेव्हा, दशक्रियेनंतर गर्दी ओसरली, त्या दुपारी रशीदभाई पुन्हा आले. सुलोचना भिंतीला टेकून बसली होती. बोलता बोलता ती तेच म्हणाली, जे ती सगळ्यांना सांगत होती. "एकदा तरी म्हणायला हवं होतं हो, की तुझं बरोबर आहे."

रशीदभाई सतरंजीचा धागा ओढत होते. मग म्हणाले, "भाभी, एक बात सांगतो. नानाने सांगू नको म्हटलं होतं. पण आता तो काय मला रागवायला येतो?" आणि त्यांनी सांगितलं. मांड्यांचा प्रकार झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी नानाने त्यांना गाडी काढायला लावली होती. दोघे चोपड्याला गेले. विहीणबाईंनी हसत विचारलं, काय, तुमच्या बाईंना राग आला की काय? "अन् मग नाना जो सुटला भाभी! मी त्याला एवढ्या वर्षांत असं बोलताना पाहिलं नव्हतं. म्हणाला, तिचे हात भाजलेत त्या खापरावर. तुम्ही ते गाईपुढे ठेवले, गाईचं नशीब मोठं, तुमचं नाही. ती इथं नाही, म्हणून मी आलो. व्याही हात जोडत होते, पण यानं पाणीसुद्धा घेतलं नाही. माझ्या हातातला कप खाली ठेवायला लावला."

त्या प्रसंगानंतर विहीणबाई एकदम नरमल्या होत्या, सणावाराला स्वतःहून फोन करायला लागल्या होत्या. सुलोचनाला वाटत आलं होतं की त्यांचं त्यांनाच उमगलं.

मला वाटलं, आता ही रडेल आणि मोकळी होईल. ती रडली नाही, भडकली. "मग घरी माझ्यापुढे का नाही बोलले? मी तिथेच होते ना! चार हातांवर तर होते!"

"हेच मी विचारलं होतं भाभी, येताना, तापीच्या पुलावर," रशीदभाई म्हणाले. "तर म्हणाला, ती समोर असली की मला वाटतं, हिला माझी काय गरज आहे."

सुलोचना उठून आत गेली. रशीदभाई हळूच चपला घालून निघून गेले.

मला माझ्या भावाचा तेव्हा राग आला, आणि अजून येतो. आपलं माणूस समोर उभं आहे म्हणजे त्याला काही ऐकायचं नसतं, हे कोणी सांगितलं होतं त्याला? साऱ्या गैरहजर जगाची त्याला काळजी. पण तो राग बोलून दाखवायला गेले की मला लगेच ऐकू येतं, कोणीतरी त्याची बाजू घ्यायला हवी. आणि आता ती मलाच घ्यावी लागते. त्याला जमलं नसेल. इतका बोलका माणूस, पण घरातल्या माणसापुढे त्याची जीभ अडत असेल...

गेल्या आठवड्यात मी पुन्हा जळगावला जाऊन आले. ऊन कलायचं होतं, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आम्ही दोघी बसलो होतो आणि बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. सुलोचना एकदम म्हणाली, "अक्का, माझी काहीतरी तक्रार करा ना."

"कसली तक्रार?"

"कसलीही. मोठ्याने करा. मी आत जाते."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिच्याकडे बघवेना. ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि दार ओढून घेतलं. खोलीत मी एकटी. समोर त्याची खुर्ची नव्हती की फोटो नव्हता, फोटो अजून फ्रेमवाल्याकडेच होता. कोणाकडे बघून बोलायचं हेही मला सुचेना. शेवटी मी भिंतीकडे तोंड केलं. "नाना," मी म्हटलं, आणि माझाच आवाज मला परका वाटला. "नाना, या तुझ्या बायकोला काही कळत नाही. मी एवढ्या उन्हातून धुळ्याहून आले, तर हिने मला धड जेवायलासुद्धा वाढलं नाही."

आत भांड्याचा आवाज नव्हता, नळाचा नव्हता. ती दारामागेच उभी होती. मीही श्वास धरून बसले होते, एवढी म्हातारी बाई मी.

मग दारामागून तिने विचारलं, "काय म्हणाले?"

मी सांगितलं. जे तो म्हणाला असता तेच सांगितलं, त्याच्याच शब्दांत, मला शोधावे लागले नाहीत ते. की अक्का, तिला जेवण जात नाही महिनाभर, तरी तुझ्यासाठी तिने चूल पेटवली, आणि तू नावं ठेवतेस?

दार उघडलं नाही.

"अजून एक करा," ती म्हणाली.