जुळणं आणि जळणं

चांदीवाल्या मॅडमच्या अंगावर चांदीचा तुकडा नव्हता. तरी धाराशिवात आमच्या गल्लीत त्यांना दुसरं नाव नव्हतं. माझ्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायच्या, कॉलेजात रसायन शिकवायच्या आणि उरलेला वेळ तिथंच प्रयोगशाळेत चांदी तापवत बसायच्या. शेजारणी काळे पडलेले पैंजण घेऊन यायच्या. मॅडम हसत दंतमंजनानं घासून द्यायच्या.

माझी शाळा चौथीपर्यंत. पण माझ्याच घरात काय चाललंय ते मला कळू नये, हे मी चालवून घेत नाही. एकदा जिन्यातच अडवलं.

"चांदीचं करता काय, ते सांगा."

"आबा, इथिलीन म्हणून एक वायू आहे. तुमच्या आढीतल्या पिकत्या आंब्यातनंही निघतो. तो आणि ऑक्सिजन तापल्या चांदीवरनं सोडायचे. तिथं दोघांची गाठ पडते, नवा वायू होतो. त्यातनं पुढं कापडाचा धागासुद्धा होतो. चांदी मात्र जिथल्या तिथं."

"म्हंजे मध्यस्थ!" मी म्हणालो. "अर्ध्या तालुक्याच्या सोयरिकी म्या जुळवल्यात. फेटा बांधून घ्यायचा, जेवायचं, आपल्या घरी यायचं. मला काय शिकवता?"

"मग आच वाढवा की. लवकर उरकंल," असं मी सांगायचो. त्यांचं उत्तर ठरलेलं. "आबा, जुळणं आणि जळणं, एका उकाराचा फरक. आच जास्त झाली की वायू जुळायच्या ऐवजी नुसता जळून जातो." किती आचेला किती वेगानं जुळतं, किती वेगानं जळतं, हेच त्या प्रबंधासाठी मोजत होत्या. मी काही हार मानली नाही. लई दिवस भांडलो. त्याही कधी कंटाळल्या नाहीत.

एकदा म्हणाल्या, "आता चांदीला चिमूटभर क्लोरीन देते."

"ते तर विष!"

"व्हय. त्यानं जुळणं जरा मंदावतं, पण जळणं त्याहून जास्त मंदावतं. बैठकीत एखादा खोडा घालणारा म्हातारा असतो ना, तसं." आणि माझ्याकडं बघून हसल्या. मी हसलो नाही.

पुढं ईट गावाहून त्यांचे वडील स्थळ घेऊन आले. मुलाकडच्यांना त्याच दिवशी सुपारी फोडायची होती, महिन्यात लग्न, आणि मुलीनं नोकरी सोडून यायचं. मॅडम जिन्यात उभ्या होत्या.

"आबा, मुलगा वाईट न्हाय. मला पसंत आहे. पण मोजणी अर्धी राहिलीय. आता सुटली तर प्रबंध गेला, परत हाती यायचा न्हाय."

बैठक माझ्याच घरात. सतरंजीवर मी मधोमध बसलो.

"मुलाचा मामा कुठाय? मामाबिगर सुपारी फोडता व्हय? पंचांग कुणी बघितलं? आजोळ कंचं?"

प्रत्येक उत्तरावर माझा नवा सवाल. शेवटी मुलाचा चुलता भडकला. "आबा, तुमचं काय घोडं अडलंय? तुम्ही मुलीचे कोण?"

"मी क्लोरीन," मी म्हणालो.

मॅडम चहा घेऊन येत होत्या, त्यांच्या हातातल्या कपबश्या खुळखुळायला लागल्या. हसू आवरेना. मुलानं विचारलं, "म्हणजे काय?" तेव्हा ट्रे खाली ठेवून त्यांनी सगळ्यांसमोर समजावलं. चांदी, आच, जुळणं, जळणं. अर्धी राहिलेली मोजणीसुद्धा. मुलगा ऐकत राहिला. मग चुलत्याला म्हणाला, "तात्या, थांबू की. पुढल्या वैशाखात करू. आणि नोकरीचं तिचं ती बघंल."

वैशाखात फेटा मला बांधला, तेव्हा नवरीच्या नावाआधी डॉक्टर लागलं होतं.

खोली रिकामी करताना त्या पाया पडल्या. मी म्हणालो, "जावा आता, बस सुटंल." जास्त बोलायची मला सवय नाही.

आता दोघं गुजरातेत आहेत. तिथल्या कारखान्यात चांदी भरलेल्या नळ्याच नळ्या आहेत म्हणतात. फोन आला की पहिला सवाल तोच.

"आबा, आज कुणाची सोयरीक अडवली?"

"अडवत न्हाय, बाई," मी सांगतो. "जळू देत न्हाय."