दाबेच्या गुडघ्याचा वास

आमच्या वस्तीत दाबे येतोय हे आधी नाकाला कळायचं, मग डोळ्यांना. त्सुम्क्वे गावच्या दवाखान्यातून आणलेलं हिरवं मलम तो उजव्या गुडघ्याला चोळायचा आणि त्याचा तिखट वास त्याच्यापुढे चालत यायचा. पोरं खोकायची. कुत्री उठून दुसऱ्या सावलीत जायची.

याच माणसाला एके काळी वासच नव्हता. कुडू हरणाच्या शिकारीला जायचं म्हटलं की दाबे आदल्या संध्याकाळपासून चिलीम तोंडाला लावत नसे. साबणानं धुतलेला सदरा झाडावर टांगून जुनं कातडं कमरेला गुंडाळी. त्याची बायको खोआन म्हणायची, "हा रानात जायच्या आधी माझ्याजवळसुद्धा बसत नाही. माझा वास लागला तर कुडू पळेल म्हणतो. कुडूचं जाऊ दे, मीच एक दिवस पळेन." गळ्यात राखेची थैली. चिमूटभर राख सोडायची, ती कुठे जाते ते बघायचं आणि तिच्यामागून जायचं नाही, तिच्या उलट, वाऱ्याच्या तोंडावर जायचं. वारा फिरला तर अर्धा दिवस वळसा घालील, पण जनावराला आपला वास लागू देणार नाही. मी त्याच्याबरोबर खूप हिंडलोय. मला न्यायचा तो मांस उचलायला; माझ्या नेमावर जगायचं ठरवलं असतं तर वस्ती कंदमुळांवर राहिली असती.

मग गुडघा गेला, मलम आलं आणि कुडू जायला लागले. दोन हिवाळे दाबे रिकाम्या हातानं परतला. म्हणायचा, वाराच म्हातारा झालाय, त्याला आपलं मन कळेनासं झालंय. आम्ही मान डोलवायचो. सगळ्यात वाईट हेच होतं. आमच्याकडे मांस आणणाऱ्याला शिव्या मिळतात, तो फुगू नये म्हणून. हाडंच आणलीस, कातडंच आणलंस, याच्यासाठी आमची झोप मोडलीस, असं म्हणत आपण पोटभर खायचं. दाबेला मात्र दोन वर्षं कुणी वाकडा शब्द बोललं नव्हतं. मीसुद्धा त्याच्याशी पाहुण्याशी बोलावं तसा बोलत होतो. माझ्या जिभेला गंज चढला होता, आणि त्याला ते कळत होतं.

उंका आत्या मात्र गोड बोलणाऱ्यांतली नव्हती. दाबेच्या बापाची ही बहीण आता चुलीपासून सावलीपर्यंतच जायची. एका सकाळी तिनं त्याला बोलावलं आणि पाल्याच्या छपरात खोचलेला स्वतःचा बाण काढून दिला. ज्याचा बाण त्याचं मांस, आणि वाटणीही त्याच्याच हातची. नेमबाज कुणीही असो.

"एकदा माझ्या हातानं वाटायचंय," ती म्हणाली. "पुढच्या थंडीला मी असेन असं वाटत नाही. आणि वाऱ्याला नावं ठेवू नकोस. तुझा गुडघा दवाखान्यासारखा घाण मारतो."

दाबेनं गुडघा नाकापर्यंत आणायचा प्रयत्न केला. तो वाकेना. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मोंगोंगोच्या बिया फोडत होतो त्या फोडतच राहिलो.

त्या दिवसापासून मलम बंद. वाळूनं घासून, राख चोळून त्यानं गुडघ्याची साल काढली. आणि मलम नाही म्हटल्यावर चालणंही नाही. उठताना खोआनचा खांदा, बसताना झाडाचं खोड. शेवटी एका पहाटे आम्ही निघालो, तेव्हा मुंगी आमच्यापुढे गेली असती.

ऊन चढल्यावर कुडूचा नर दिसला, काटेरी झाडाखाली, मान खाली घालून. दाबेनं राख सोडली. राख आमच्या बाजूला आली, मग थबकली, मग तिकडे वळायला लागली. दाबे होता तिथेच आडवा झाला. वारा पुन्हा फिरेपर्यंत आम्ही तापलेल्या वाळूत पालथे पडून होतो. मला वाटलं झोपला. घामाचा थेंब त्याच्या नाकावरून पडला आणि तो कोपरांवर सरकायला लागला, दुखरा पाय मागे ओढत. मग त्यानं आत्याचा बाण सोडला, तो लागला बरगड्यांच्या मागे. नर उधळला. बाणाचं विष सावकाश काम करतं, म्हणून आम्ही मागे फिरलो, पाऊल मोजल्यासारखे.

वस्तीत आल्यावर दाबे भिंतीला टेकून बसला. गुडघा भोपळ्यासारखा फुगला होता. खोआन मलमाची डबी घेऊन आली.

"आता लाव की रे. आता कुणाला वास जायचाय?"

"नको," तो म्हणाला. "मला बरं वाटलं तर त्यालाही बरं वाटेल."

बरोबरच होतं ते. बाण लागलेलं जनावर आणि बाण मारणारा त्या वेळात एकाच दुखण्यावर असतात. शिकाऱ्यानं पोटभर खाल्लं तर जनावराला जोर येतो, शिकारी धावला तर ते धावतं. खोआनला हे ठाऊक नव्हतं असं नाही. तिला त्याचं कळवळलेलं तोंड बघवत नव्हतं, इतकंच. डबी तिनं त्याच्या शेजारी ठेवली. त्यानं ती पायानं, चांगल्या पायानं, लांब सरकवली आणि डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी त्याला उठवेना. आम्हीच माग काढला. कुडू पडला होता आणि गिधाडं अजून झाडावरच होती.

मांस घेऊन आलो तेव्हा मी दोन वर्षांचं साचलेलं सगळं बाहेर काढलं. "दाबे, ही काटक्यांची मोळी दाखवायला आम्हाला उन्हात तंगडतोड करायला लावलीस? याच्यापेक्षा तुझाच गुडघा कापला असता तर जास्त निघालं असतं."

"हो ना," तो म्हणाला. "उगाच आणलंत. तिथेच टाकून यायचं." आणि तो हसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

उंका आत्यानं बसल्या जागेवरून वाटणी केली. सगळ्यांना नावानं हाक, कुणाला कमी नाही, चरबीवरून एकाशी भांडणसुद्धा झालं तिचं. दाबेचा वाटा शेवटी आला. तो घ्यायच्या आधी त्यानं खोआनकडे हात पसरला. तिनं डबी दिली. बोटभर नव्हे, मूठभर मलम काढून त्यानं गुडघा माखला, मांडीपर्यंत. कुत्री उठली.

मग सवयीनं त्याचा हात थैलीकडे गेला. त्यानं चिमूट सोडली. राख त्याच्या अंगावरून निघाली ती थेट रानाकडे. जनावरांना वास जाऊ नये म्हणून तो आता उठून पलीकडे बसेल असं मला वाटलं. तो तिथेच बसून राहिला, आणि मांस खायला लागला.