बिनसाखरेचे साडू

वर्तमानपत्रातलं आरोग्याचं पान या देशात फक्त एका माणसासाठी छापलं जातं, आणि तो माणूस म्हणजे आमचे साडू. बाकीचे आपण ते पान वाचतो, 'अरे बापरे' म्हणतो आणि त्याच पानावर गरम भजी काढून ठेवतो. साडूंचं तसं नाही. छापून आलेली गोष्ट आणि आपलं शरीर यांच्यात एका दिवसाचंही अंतर पडू द्यायचं नाही, असा त्यांचा बाणा आहे. सकाळी पेपर येतो आणि पहिला चहा उकळायच्या आत घरात अंमलबजावणी सुरू झालेली असते. त्यांच्या स्वयंपाकघरात तुपाचा एक डबा आहे. तूप वाईट अशी बातमी आली की तो माळ्यावर जातो, तूप चांगलं अशी आली की खाली उतरतो. त्या डब्याने जेवढी ये-जा केली आहे तेवढी मी जालना ते अंबड केलेली नाही. अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण आणि साडूंची बायको, नवऱ्याशी वाद घालायच्या भानगडीत कधी पडली नाही. ती एवढंच म्हणते, "शिडी तिथंच राहू द्या. उद्याचा पेपर यायचाय अजून."

मध्यंतरी जास्त वेळ बसून राहणं धोक्याचं असतं अशी बातमी आली आणि साडू उठले ते उठलेच. जेवण उभ्याने, पेपर उभ्याने, टीव्ही उभ्याने. त्याच सुमारास आमच्या नात्यातले एक आजोबा वारले, म्हणून साडू आणि मी भेटायला गेलो. सगळी मंडळी सतरंजीवर खाली माना घालून बसलेली, आणि मधोमध साडू ताठ उभे. मग एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बोला साहेब, सगळे थांबून राह्यले." हा माणूस श्रद्धांजली वाहायला उभा राहिलाय असा लोकांचा समज झाला होता. दुसरा कुणी असता तर ओशाळून खाली बसला असता. साडूंनी घसा साफ केला आणि चांगलं भाषण केलं. आजोबा नव्वदी ओलांडून गेले होते, शेवटच्या दिवशीही पुरणपोळीवर वाटीभर तूप ओतून घेऊन गेले होते. साडू शेवटी हळहळत म्हणाले, "जरा पथ्य पाळलं असतं तर अजून जगले असते." लोकांनी माना डोलावल्या. मी मात्र सतरंजीचे दोरे मोजत बसलो, कारण वर पाहिलं असतं तर हसू फुटलं असतं.

त्याआधी, बसणं अजून चालत होतं तेव्हा, घास खूप चावून खावा हेही त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. एका लग्नात आमची पंगत उठली तरी हे पहिल्या पोळीवरच होते. दुसरी पंगत त्यांच्या भोवतीने बसली. वाढप्यांना वाटलं हे नवीन पाहुणे. त्यांनी पुन्हा सगळं वाढलं, आणि पानातलं टाकू नये हा जुना नियम अजून कोणत्या पेपरने रद्द केला नसल्यामुळे साडूंनी ते सगळं चावून संपवलं. तिसरी पंगत बसायच्या आत आम्ही त्यांना दंड धरून उठवलं. मग ओट्स आले. घरात ज्वारीची पोती थप्पीला लागलेली, आणि हा माणूस भाकरी बाजूला सारून वाटीत पांढरा लगदा कालवायचा. पुढे ज्वारी फार गुणाची आहे असं छापून आलं, तेव्हा संभाजीनगरच्या मॉलमधून ज्वारीचे पोहे आणले, रंगीत खोक्यात. अक्काने ते खोकं हातात घेऊन उलटंपालटं केलं. "आपलीच सोयरी दिसून राह्यली," ती म्हणाली, "फक्त शहरात जाऊन लई बारीक झाली."

आता एवढं सांगितल्यावर साडू नोकरी काय करतात तेही सांगायला हवं. साडू साखर कारखान्यात आहेत. अंबडच्या बाजूला कारखान्याची वसाहत आहे, तिथे त्यांचं क्वार्टर. हंगामात तिथल्या हवेला मळीचा वास असतो, अंगणात वाळत घातलेल्या धोतरालासुद्धा. साडूंचं काम प्रयोगशाळेत. उसाच्या रसात साखर किती उतरते ते तपासायचं. उभा जन्म साखरेवर गेला, घर त्यावर चाललं, आणि तीन वर्षांपूर्वी एका सकाळी पेपर वाचून या माणसाने जाहीर केलं की साखर म्हणजे पांढरं विष, आजपासून बंद.

आम्हाला वाटलं, तुपासारखं होईल, आठवड्यात खाली उतरेल. पण साखरेच्या बाजूने बातमी काही येईना, आणि साडू हटेनात. हंगामाच्या सुरुवातीला पहिल्या पोत्याची पूजा होते, सगळ्यांच्या हातावर साखर ठेवतात. साडूंनी पोत्याला मनोभावे नमस्कार केला आणि हात मागे घेतला. मॅनेजरसाहेबांनी बाजूला घेऊन समजावलं की निदान कारखान्यात तरी असं बोलू नका. साडू म्हणाले, "साहेब, मी साखर बनवून राह्यलो. खा म्हणून कोणाला कवा सांगितलं?" मॅनेजरसाहेबांनी साडूंच्या वाटची साखर स्वतःच्या तोंडात टाकली आणि ते पुढच्या माणसाकडे वळले. त्यांच्या घरी फिका चहा मिळू लागला. मी गोडघाशा माणूस. तंबाखूच्या डबीत साखर भरून नेऊ लागलो आणि साडू पाठमोरे झाले की कपात चिमूट सोडू लागलो. एकदा त्यांनी डबी पाहिली. चेहरा पडला. "साडू, तंबाखू सोडा हो," म्हणाले. मी सोडतो म्हणालो.

हे वेड जडलं कधी, असं मी एकदा अक्काला विचारलं होतं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "वैशू झाली तवापासून. आधी पेपरात निस्ते बाजारभाव बघायचे." वैशू ही त्यांची एकुलती एक मुलगी. सातव्या महिन्यात झाली, आणि बरेच दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. साडू त्या पेटीसमोर उभे राहून येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला विचारायचे, मी काय करू? कोणीच काही करायला सांगेना, कारण बापाने करण्यासारखं काही नव्हतंच. तेव्हापासून, करण्यासारखं काही जिथे छापून येईल ते हा माणूस करत आला. एवढं कळल्यावर माझं त्यांच्यावर हसणं थांबायला हवं होतं. थांबलं नाही, पण हसताना जीव थोडा आत ओढला जाऊ लागला.

तर या वैशूचं लग्न जमलं. आष्टीची माणसं, ऊसवाले बागाईतदार, मुलगा संभाजीनगरला कंपनीत. दोघांनी एकमेकांना पसंत केलं. संध्याकाळ झाली की वैशू फोन घेऊन गच्चीवर जायची आणि खाली येताना एकटीच हसत यायची. साखरपुड्याची तारीख ठरली. आणि साडूंनी मुलाच्या वडिलांना फोन करून सांगितलं, "साखरपुडा बराबर करू. फक्त पुड्यात साखर नको. जवस चालंल."

त्या बाजूने फोन बंद झाला तो चार दिवस आलाच नाही. पाचव्या दिवशी मुलाच्या वडिलांनी मला जालन्याला, माझ्या कापडाच्या दुकानात फोन केला. कापड फाडता फाडता मी तो घेतला.

"तुमी साडू म्हून विचारून राह्यलो. खरं सांगा, पोरीला शुगर हाये का?"

"न्हाई हो. बिलकुल न्हाई."

"मंग बापाला?"

"बापालाबी न्हाई."

"घरात कोणालाच न्हाई, तर साखरेला एवढं भ्यायचं काहून? आमची म्हातारी म्हून राह्यली, सोयरिकीत साखर नको म्हननारं घर जल्मात पाह्यलं न्हाई. कायतरी लपवून राह्यलेत."

कापड वाकडं फाटलं ते बाजूला ठेवून मी थेट वसाहतीत गेलो. साडूंनी सगळं ऐकलं आणि हसले. "एवढंच ना? रिपोर्ट पाठवून देतो." दर महिन्याला रक्त तपासणारा माणूस तो. स्वतःचे, अक्काचे, वैशूचे, सगळे रिपोर्ट त्यांनी फोनवर धाडून दिले. निरोगीपणाचा एवढा पुरावा आष्टीत याआधी कुणी पाहिला नसेल. रात्री उत्तर आलं: धडधाकट माणूस इतक्या वेळा तपासून घेतो का? आता तर त्यांची खात्रीच झाली. सोयरीक मोडल्यात जमा होती.

वैशू रडली नाही की भांडली नाही. गच्चीवर जाणं तेवढं बंद झालं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो तेव्हा तिने आम्हा सगळ्यांना चहा दिला, आपला कप घेतला आणि म्हणाली, "पप्पा, तीन वर्षं झाली, तुमच्यापायी फिका चहा पिऊन राह्यले. आवडतो का म्हून कवा विचारलं का तुमी?" साडूंनी भिंतीशी ठेवलेली खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसले. मी त्यांना कित्येक महिन्यांनी बसलेलं पाहिलं. बसल्या बसल्या म्हणाले, "साडू, आष्टीला फोन लावा. म्हनावं, कशाचाबी पुडा आना."

वसाहतीच्या हॉलमध्ये समारंभ झाला. आष्टीहून दोन गाड्या भरून माणसं आली ती जेवायला कमी आणि बघायला जास्त. मुलाच्या आजीने स्वतः लाल कागदाचा भलामोठा पुडा मांडीवर धरून आणला होता. तिने तो वैशूच्या ओटीत घातला, कोपरा फाडला आणि चिमूटभर साखर तिच्या तोंडात घातली. वैशूने डोळे मिटून घेतले. ती साखर तिला इतकी गोड लागली की समोरच्या बायकांनाही ते दिसलं. मग म्हातारी वळली. "पाव्हणं, आता तुमी."

अक्काने पदर तोंडाशी नेला. साडूंनी हात पुढे केला, साखर तळहातावर घेतली, आणि जन्माची सवय, तळहात खिडकीच्या उजेडाकडे तिरका केला. बोटाने दाणा चाचपला. "दाना बारीक हाये," ते म्हणाले. "आपल्याच कारखान्याचा." मग ती साखर तोंडात टाकली आणि चावू लागले. साखर विरघळते, तिला चावण्यासारखं काही नसतं, पण नियम तो नियम. अख्खी आष्टी त्यांच्या जबड्याकडे बघत होती. भटजी मुहूर्त टळतोय म्हणून घड्याळ दाखवत होते. अखेर घोट गिळला. साडू हलकेच म्हणाले, "लई दिसांनी," आणि पुन्हा हात पुढे केला.

"पुरं," म्हातारी म्हणाली. "बाकीची पोरीची." आणि मग लेकाकडे वळून तिने निकाल दिला, "याला रोग न्हाई रे. याला निस्तं भ्या हाये. भ्यापायी सोयरीक मोडत असती का?"

लग्न थाटात झालं. वैशू संभाजीनगरला गेली. तिच्याकडे चहा गोड असतो, असं ऐकतो. इकडे वसाहतीत मात्र भलतंच घडू लागलं. तुपाचा डबा खाली आला तो खालीच राहिला. पेपर घडी न मोडता दिवसभर पडून राहू लागला. एका सकाळी अक्काचा माझ्या बायकोला फोन आला, आवाज रडवेला. "यांनी काल भजे खाल्ले. मागून खाल्ले. मी बटाटा वाईट हाये म्हून वाचून दाखवलं, तर म्हणले, असू दे."

मग मी एक गोष्ट सुरू केली. मी, ज्याने ते पान कायम भज्यांखाली घातलं, तो आता दुकान उघडलं की आधी तेच पान उघडतो. परवा एक बरी बातमी सापडली. साडूंना फोन लावला आणि म्हटलं, "उभ्यानं पाणी पिऊ नये म्हून आलंय पेपरात."

पलीकडे पेपराची घडी उलगडल्याची सळसळ ऐकू आली. मग तो जुना आवाज आला. "उभ्यानं? न्हाई न्हाई, बिलकुल पिऊ नये! मी तर कवाचा म्हून राह्यलो! थांबा साडू, ठेवा फोन, वैशूला जल्दी सांगतो. ती लहानपणापासून उभ्यानंच पिती."

फोन बंद झाला. माझ्या हातात पाण्याचा पेला तसाच होता. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, बघायला कोणी नव्हतं. मी गादीवर बसलो आणि मग पाणी प्यालो.