हवेचं बूच

तिसऱ्या कॅनमधूनही डिझेल सांडलं. मी पोचले तेव्हा जनरेटरच्या तापलेल्या सायलेन्सरवरून धूर निघत होता आणि जनरेटर सांभाळणारे सलीमभाई वाळू टाकत होते. भिंतीपलीकडं नवजात बाळांचा वॉर्ड.

पडेगावच्या एका खासगी हॉस्पिटलात मी स्टोअर इनचार्ज होते. लाईट तासन् तास जायची, त्यामुळं चालत्या जनरेटरमध्येच कॅननं डिझेल ओतावं लागे. चूकच ती, पण वॉर्डातली मशिनं बंद ठेवता येत नसत.

ॲडमिन सरांनी बोलावलं. म्हणाले, "मॅडम, कॅन तीन बदलले, माणूस एकच आहे. त्यांचे हात थरथरतात. सोमवारपासून दुसरा बघा."

सलीमभाई कंत्राटावर होते. साठीच्या आसपासचे. काढलं तर त्यांना दुसरीकडं कोण घेणार? पण दोष कॅनला देता येईना. तिन्ही कॅन मीच शहागंजच्या बाजारातून निवडून आणले होते. एक साध्या तोटीचा, एक लांब नळीचा, एक दाबलं तरच ओतणारा. प्रत्येकात पाणी भरून स्टोअरच्या ओट्यावर ओतून पाहिलेलं. थेंब सांडला नव्हता. म्हणजे दोष हाताचाच, असं मलाही वाटायला लागलं होतं. आज त्याची लाज वाटते.

शनिवारी खुर्चीत बसवेना. दोनदा उठले, दोनदा बसले. शेवटी जनरेटर रूम गाठली. मशीन बंद होतं, गार झालेलं. सलीमभाईंच्या हातातून कॅन घेतला आणि स्वतः ओतायला लागले. धार आली, अडली, मग कॅननं असा हिसका दिला की डिझेल माझ्या साडीवर. माझे हात तर थरथरत नव्हते.

कॅन फिरवून पाहिला. वरच्या बाजूला, मागं, छोटं बूच असतं. ओतताना ते उघडायचं, म्हणजे आत हवा जाते आणि धार सरळ पडते. त्यावर काळी टेप गच्च गुंडाळलेली. घरी तेलाचा डबा फोडताना मी समोरासमोर दोन भोकं पाडते, ते याचसाठी. इथं मात्र अक्कल गहाण पडली होती.

टेप कुणी लावली, असं विचारलं. सलीमभाईंनी भिंतीकडं बोट केलं. 'मागील बूच उघडू नये. पक्के बंद ठेवावे.' खाली माझी सही. गेल्या पावसाळ्यात जुन्या कॅनच्या अशाच बुचातून डिझेलमध्ये पाणी शिरून जनरेटर बंद पडला होता, तेव्हा रागारागानं लावलेली सूचना. मी विसरूनही गेले होते. ओट्यावर मी पाणी ओतलं तेव्हा बूच मोकळं होतं; ते मात्र जनरेटर रूममध्ये आलेला प्रत्येक कॅन त्याच दिवशी टेपनं बंद करत होते.

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो व्हतो मॅडम, पैल्या कॅनच्या टायमाला. तुमी म्हनल्या, लिव्हलंय तसं करा."

टेप काढली. बूच उघडून त्यांनीच ओतलं, त्याच थरथरत्या हातांनी. बाहेर थेंब नाही.

तशाच डिझेलच्या साडीत सरांकडं गेले आणि चूक कुणाची ते सांगितलं. सरांनी सूचना वाचली, सही वाचली. "मग आता कुणाला काढू?" एवढंच म्हणाले. सलीमभाई राहिले.

नवी सूचना लिहिली. ओतताना बूच उघडावं, नंतर लावावं. या वेळी सही करण्याआधी सलीमभाईंना वाचून दाखवली.

"पावसाळ्यात कॅनवर पत्रा ठेवा, हे बी लिवा," ते म्हणाले. "मंग पानी जातच नाय."

एका पत्र्याचं काम होतं. गेल्या वर्षीच विचारलं असतं तर गेल्या वर्षीच कळलं असतं.