दादाची क्वाड बाईक आणि थिजलेलं खोबरेल
थंडीत खोबरेलाची बाटली थिजली, की मला स्कॉटलंडमधलं दादाचं गॅरेज आठवतं. दोन हजार सालच्या सुमाराची गोष्ट. दादा तिथल्या डोंगराळ गावात डॉक्टर होता आणि बर्फात पेशंटकडे जायला त्यानं चार चाकांची क्वाड बाईक घेतली होती. हिवाळ्याआधी तिची चाकं काढून मी बर्फात न रुतणारे रबरी पट्टे चढवत होतो. शेजारचा शेतकरी बजावून गेला, "एक्सिलरेटरच्या केबलला थंडीत चालणारंच तेल घाल." मी लगेच त्याच्याच घोगऱ्या आवाजात तसं म्हणून दाखवलं. "भावजी, ऐकू जाईल त्याला," वहिनी हसत म्हणाली. घरातलं तसलं तेल संपलेलं, म्हणून मी तिचं खोबरेल गरम करून केबलमध्ये ओतलं. पहिला बर्फ पडला त्या सकाळी फोन आला, टेकडीवरच्या म्हाताऱ्याच्या छातीत दुखत होतं. इंजिन सुरू झालं, पण एक्सिलरेटर हलेना. केबलमध्ये खोबरेल गोठलेलं. वहिनीनं हेअर ड्रायर धरला, मी वेड्यासारखा फुंकत बसलो. "राहू दे," म्हणून दादा बॅग घेऊन गुडघाभर बर्फातून चालत निघाला. दुपारी परत आला, बूट काढता काढता म्हणाला, "उशीर झाला रे." मी अजून सगळ्यांच्या नकला करतो, दादाचीसुद्धा. ते वाक्य मात्र कधी करून दाखवलं नाही.