मामाजींचा पंप

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, सकाळी उठायचे तेच थकलेले. खाटेवरून पाय खाली सोडले की पहिला शब्द, "थकलो." चहा झाला की पुन्हा तोच. देवळीच्या चौकात मोटार उभी करून वर्धेच्या सवाऱ्या भरेपर्यंत ते स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसत. कुणी तब्येतीची चौकशी केली तर डोळे न उघडता सांगत, "बरा आहो. थकलो फक्त." मी नवी सून. या माणसाला काहीतरी मोठा आजार आहे आणि तो लपवून माझ्या बापाला फसवलं, अशी माझी खात्री झाली होती. तसा निरोपही मी माहेरी धाडला. बाप घाबराघुबरा होऊन आला, आणि मामाजींनी त्यालाच मोटारीला धक्का मारायला लावलं.

मोटार लढाईच्या आधीची. बसायची सोय सहा जणांची, पण 'जागा नाही' हे दोन शब्द मामाजींना कधी उच्चारता आले नाहीत. हात दाखवला की गाडी थांबे. दार उघडून पायरीवर लोक उभे राहत, मागे सामानाच्या जाळीत सरकीची पोती आणि पोत्यांवर पोतीवाला. सासूबाई म्हणत, एक दिवस हा माणूस बैलालाही आत घेईल.

घरात एक गोष्ट कुणी बोलत नसे. ती मला सासूबाईंकडून तुकड्यातुकड्यांनी कळली, तूर पाखडताना. आदल्या साली शांतावन्सं पहिल्या जचकीला माहेरी आल्या होत्या. वैशाखातली भर दुपार. त्यांना घेऊन मामाजी वर्धेच्या दवाखान्यात निघाले आणि नाल्याच्या पुढे गाडी बंद पडली. इंजिन इतकं तापलं होतं की पंपातच पेट्रोलची वाफ झाली. पंप म्हणजे रस्त्यावरचा पेट्रोलपंप नव्हे. टाकीतलं पेट्रोल ओढून इंजिनाला पाजणारा, मुठीएवढा डबा असतो तो. तो काही केल्या ओढेना. गावातून बैलांची बंडी येईपर्यंत उशीर झाला. वन्सं वाचल्या, बाळ वाचलं नाही.

त्यानंतर मामाजींनी मोडीत निघालेल्या लष्करी ट्रकचं मोठं इंजिन आणून गाडीत बसवलं. मोठं इंजिन, मग खोळंबा कशाला होईल? पण झालं उलटंच. पंप जुनाच, लहान गाडीचा. रिकामी गाडी पळे, सवाऱ्या भरल्या किंवा चढ लागला की धापा टाकी. "मोठ्या गड्याले लेकराच्या चमच्यानं जेवू घालून राह्यलो मी," मामाजी म्हणाले. आणि वन्संना पुन्हा दिवस गेले होते. पुन्हा वैशाखच येणार होता.

तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. वर्धेच्या मिस्त्रीकडे दोन पंप होते. एक ट्रकचा, दणकट, इंजिनालाच जोडायचा आणि इंजिनाच्याच जोरावर चालणारा. दुसरा विजेचा. तो मागे टाकीजवळ बसवायचा, म्हणजे इंजिनाच्या उष्णतेपासून लांब, आणि चालायचा बॅटरीवर. मामाजी प्रत्येक खेपेला मिस्त्रीकडे जात, दोन्ही पंप दोन तळहातांवर घेऊन बाया वांगी निवडतात तसे उलटसुलट करत, आणि पुन्हा पोत्यावर ठेवून येत. शेवटी मिस्त्री म्हणाला, "काका, दोन्ही घेऊन जा, पन मले मोकळं करा."

मी सातवी पास. सासरी आल्यापासून त्या सातवीचं काय करावं हे मला समजत नव्हतं, ते आता समजलं. घरात कंदील, गल्लीत अंधार, आणि मी डोक्यावरचा पदर सावरत विजेवर व्याख्यान देऊ लागले. वीज म्हणजे नवा जमाना, वीज थकत नाही, वगैरे. विजेचं बटण मी तोवर एकदाच दाबलेलं होतं, तेही मावशीकडे, आणि दाबून लांब उडी मारली होती. मामाजी सगळं ऐकून घेत. "बोल सूनबाई," म्हणत, "कोनी तरी न थकता बोललं पायजे घरात."

एक दिवस त्यांनी मोहल्ल्यात सांगितलं की केळझरच्या गणपतीला गाडी जाणार, ज्यांना यायचं त्यांनी यावं. नऊ बाया आल्या. मामाजींचं देवाशी फारसं येणं-जाणं नव्हतं, म्हणून मी खोदून विचारलं. तेव्हा कळलं की विजेचा पंप उधारीवर बसवलाय आणि ही त्याची परीक्षा आहे. मी म्हटलं, वन्संना तर एकटीलाच न्यायचं, मग एवढं ओझं कशाला?

"दवाखान्यात बाई एकली जाते का कधी?" मामाजी म्हणाले. "मोहल्ला जाते. जचकी एकीची, गाडीत साऱ्याजनी. कोनाले उतर म्हनू?"

मागून पंपाची टिकटिक ऐकू येत होती. केळझरचा चढ गाडीने असा घेतला की मला पुढच्या सीटवर राहवेना. मी मागे वळून साऱ्याजणींना वीज समजावून दिली. त्यांनी केळी खात खात ती कीर्तनासारखी ऐकली. परतताना दिवस मावळला आणि मामाजींनी दिवे लावले. थोड्या वेळाने टिकटिक मंदावली, मग थांबली, मग गाडीही थांबली. जुनी बॅटरी, तिला दिवे आणि पंप दोन्ही पेलेनात. मी सुचवलं की दिवे बंद करून पाहावं. मामाजी सावकाश म्हणाले, "सूनबाई, दुखनं काय दिवस-रात पाहून येते?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रकचा पंप बसवून घेतला. इंजिनाची धग लागू नये म्हणून मध्ये पत्रा ठोकला, वर ओलं फडकं बांधलं. विज्ञानाचा पराभव झाला म्हणून मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. घराला फार बरं वाटलं असावं.

पुढे सरकारी बस आली आणि खासगी गाड्यांचा तो रस्ता बंद झाला. मामाजींनी मोटार विकली. मग त्यांना थकायला काही उरलं नाही. ओसरीवर बसून राहत, रस्त्यावरून ट्रक गेला की मान किंचित वळे. तीन-चार वर्षांत गेले. पण मला ते ओसरीवरचे आठवत नाहीत. दवाखान्याच्या आवारातले आठवतात.

तो वैशाखच होता, आणि दुखणं भर दुपारीच आलं. अंगणातून गाडीपर्यंत वन्संना आणेस्तोवर बाया आत बसल्यासुद्धा होत्या. मी कुणाच्या तरी मांडीवर, हातात स्टोव्ह. नाला आला. सासूबाईंनी डोळे मिटले. मामाजींनी वेग कमी केला नाही, वाढवलाही नाही. गाडी एकदाही न खोकता वर्धेला पोचली. बायांनी वन्संना आत नेलं.

बऱ्याच वेळाने मी बाहेर आले, तर गाडी उन्हात उभी आणि इंजिन चालूच. विसरले असतील असं वाटून मी शहाणपणाने सांगायला गेले की पेट्रोल फुकट जातंय.

"तापलं आहे," ते म्हणाले. "आता बंद केलं तं पुन्हा चालू होईन का नाई, भरोसा नाई. डाक्टरीनबाईनं नागपूरले न्या म्हटलं तं काय करू?"

ते तसेच बसले होते, पाय अॅक्सिलरेटरवर, नजर दवाखान्याच्या दाराकडे. सदरा पाठीला चिकटला होता. मी तांब्यातून पाणी दिलं, ते एका हाताने प्यायले, दुसरा स्टिअरिंगवरून काढला नाही. उन्हं कलली, गाडीची सावली पलीकडे गेली, तरी इंजिन घरघरत होतं.

शेवटी सासूबाईंनी मला पिटाळलं. मी धावत गाडीपाशी गेले आणि मुलगी झाली म्हणून सांगितलं. त्यांनी मान वळवली नाही. इंजिनाच्या आवाजात मला नीट ऐकू यावं म्हणून जरा मोठ्याने विचारलं, "दोघी बऱ्या?"

"दोघी," मी म्हटलं.

मग मामाजींनी किल्ली फिरवली.