गाडीतळाची जमीन

सन १८६७, कार्तिक महिना. कापसाचा पहिला वेचा नुकताच निघाला होता. आम्ही तेल्हाऱ्याकडचे गाडीवान अकोल्याच्या सरकारी पडितावर उतरलो, आणि तेव्हापासून किस्से साठत गेले. गाडीवान रस्ताभर बैलांशी बोलतो. मुक्कामाला माणूस भेटला की त्याला धरूनच ठेवतो.

जमीन सरकारची होती. शहराच्या कमिटीने ती गाडीतळासाठी मागितली होती. एका सेठला मात्र तिथे गोदाम बांधायचं होतं. त्याला मिळती, तर आमच्या भरल्या गाड्या रस्त्यावर आल्या असत्या.

तहसिलीच्या कारकुनाने लिहिलं, 'जमीन कोणाच्या उपयोगाची नाही, लिलाव करावा.' लिलावात बोली सेठचीच चढली असती. जिल्ह्याचा गोरा साहेब पाहणीला आला. त्या सकाळी आम्ही एकही गाडी हलवली नाही. साहेबाच्या घोड्याला आत शिरायला वाट मिळेना.

"या गाड्या इथे का?" साहेबाने विचारलं.

राघोजी आमच्यात सगळ्यांत वडील. तो म्हणाला, "जे कोनाच्या उपयोगाचं नाही, त्याच्यावर उभ्या हायेत, साहेब."

साहेबाने कारकुनाकडे पाहिलं. लिलाव बारगळला.

मग मोजणी झाली. कारकुनाने हद्दीवर खड्डे काढून दगड मांडले आणि संध्याकाळी घरी गेला. तेवढ्यात पन्नासेक गाड्या नव्या आल्या. गाडीवान उतरला की आधी चुलीला दगड शोधतो. सकाळी कारकून आला तर हद्द गायब, आणि जिकडेतिकडे चुली.

"सरकारी दगडावर भाकरी भाजता?"

"भाकर आमचीच हाये," राघोजी म्हणाला.

खड्डे शाबूत होते. दगड आम्हीच जागच्या जागी बसवले. साहेब हद्द पाहायला आला. धुरकटलेल्या दगडांकडे बघून त्याने विचारलं, "हे काळे का?" कारकून घाबरून म्हणाला, "पक्के केलेत, साहेब."

जमीन कमिटीला मिळाली. अट एकच, लोकांच्या उपयोगाला ठेवायची, विकली तर सरकारजमा. कमिटीच्या सगळ्या मेंबरांनी सह्या करायच्या होत्या, आणि मेंबरांत तो सेठही होता. तो लेखणी धरून बसला.

राघोजी दारातून म्हणाला, "सेठजी, शाई वाळली काय?"

सेठने सही केली. त्या दिवशी तळावर गूळ वाटला.

तळावर पाणी नव्हतं. सारा हंगाम आमचे बैल शेजारच्या मैनाबाई माळणीच्या विहिरीवर प्याले. तिचे वांग्याचे वाफे सुकले. ती एवढंच म्हणाली, "मुकं जनावर हाये, पिऊ द्या."

हंगाम सरला तेव्हा तळाच्या कडेला शेणाचा डोंगर झाला होता. कमिटीचा मुन्शी आला. "जमीन कमिटीची, म्हणून शेणही कमिटीचं. लिलाव होईल."

राघोजीने विचारलं, "जमीन कोनं देल्ली?"

"सरकारने."

"आन् शेन?"

मुन्शी वही चाळू लागला. आमचा एक बैल तेवढ्यात त्याच्यासमोरच उत्तर देऊन मोकळा झाला. मुन्शीसोबत आलेला साहेबाचा पट्टेवालाही हसला. आम्ही शेणाने गाड्या भरल्या आणि जुंपल्या.

मैनाबाई मळ्याच्या तोंडाशी उभी होती. "हे कायले आनलं, बापू?"

"तुवं पानी वापस आनलं, माय," राघोजी म्हणाला.

ती बाजूला झाली. आम्ही सगळ्या गाड्या तिच्या वाफ्यांत रित्या केल्या.